हप्ता सोमवारी, दुधाचे बिल दहा दिवसांनी: मायक्रोफायनान्सची दुरुस्ती नेमकी कुठून सुरू करावी?

प्रश्न: शिरोळ तालुक्यातून, बचत गटांच्या वह्या लिहिणारी

सर्वांना नमस्कार. शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात मी गेली नऊ वर्षे महिला बचत गटांच्या वह्या लिहिते आहे. बचत गटाचे कर्ज आणि फायनान्स कंपन्यांचे ‘गटाचे लोन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला ठाऊक आहे. पण बायका त्याच, घर तेच आणि पदराला बांधलेले पैसेही तेच असल्यामुळे एका वहीतला खड्डा दुसऱ्या वहीत उमटतोच.

आमच्या गल्लीतील एका घराचा हिशेब मांडते. नाव सांगत नाही. त्या ताईंवर आज चार कर्जे आहेत. पहिल्याचा हप्ता दर सोमवारी ६२० रुपये, दुसऱ्याचा दर पंधरवड्याला १,१५० रुपये, तिसऱ्याचा महिन्याला २,११५ आणि चौथ्याचा महिन्याला १,८४० रुपये. वर्षाचा हिशेब करून बारांनी भागले, तर महिन्याला नऊ हजार एकशेच्या वर हप्ता जातो. घरात दोन म्हशी आहेत. दोन्ही दुभत्या असताना पेंड वजा जाता दर दहा दिवसांच्या बिलाला साधारण एकोणीसशे रुपये हातात येत असत. एक म्हैस आटल्यापासून तेही निम्म्यावर आले. भांगलणीची मजुरी मिळेल तेव्हा मिळते. नवरा गळीत हंगामात ट्रॅक्टरवर असतो, पावसाळ्यात घरी असतो.

मागच्या महिन्यात सलग दोन सोमवार त्यांचा हप्ता चुकला. दुसऱ्या सोमवारी त्यांच्या गटातील बाकीच्या चौघींना दुपारी अडीच वाजेपर्यंत बैठकीतून उठू दिले नाही. शेवटी एकीने कानातले ठेवून पैसे आणले. वसुलीला आलेला मुलगा आमच्याच भागातला, विशीतला. तो चढ्या आवाजात एक शब्द बोलला नाही, फक्त बसून राहिला. त्या बसण्याचा ताण ओरडण्यापेक्षा जास्त असतो, हे तिथे असलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आता गावात तीन मते आहेत. काही जण म्हणतात की कोल्हापुरात मोर्चा न्यावा आणि सरसकट कर्जमाफी मागावी. निपाणीकडे ज्यांचे पाहुणे आहेत ते म्हणतात की कर्नाटकाने कायदा केला, तसा आपल्याकडेही व्हावा. तिसरे मत असे की ग्रामसभेत ठराव करून फायनान्सवाल्यांना गावबंदी करावी. १५ दिवसांनी ग्रामसभा आहे आणि ठरावाचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मागणी अशी हवी की जी कायद्यात बसेल आणि पुढच्या महापुरातही टिकेल. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात गावाने काय पाहिले ते मला पुन्हा पाहायचे नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

उत्तर १: इचलकरंजीहून, पूर्वी वसुलीच्या कामात असलेला

ताई, मी सहा वर्षे अशाच एका कंपनीत होतो. आधी केंद्रांवर, म्हणजे गटांच्या बैठकीच्या ठिकाणी, जाणारा अधिकारी आणि शेवटची दोन वर्षे शाखेचा प्रमुख. कंपनीचे नाव घेणार नाही, कारण मी सांगतो ते एका कंपनीपुरते नाही. दुरुस्ती कुठून सुरू करावी याचे माझे उत्तर व्याजदर हे नाही, माफी तर नाहीच. कर्ज देताना अर्जात कुटुंबाचे उत्पन्न म्हणून जो आकडा लिहिला जातो, तिथून सुरुवात करा.

रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी जे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केले, त्यात मायक्रोफायनान्स कर्जाची व्याख्याच अशी आहे की वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज. त्याच निर्देशात दुसरी अट आहे की कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. ‘सर्व’ म्हणजे सोन्यावरचे, गाडीचे, तारणाचे, बिनतारणाचे, सगळे. नियम उत्तम आहे. पण ५० टक्के कशाचे, हे ठरवणारा आकडा कोण लिहितो? मी लिहीत होतो.

ते कसे चालते ते सांगतो. टॅबमध्ये घराची माहिती भरायची असते: जनावरे किती, दूध किती लिटर, मजुरीचे दिवस किती, नवरा काय करतो. सगळे भरून झाले की पात्र कर्जाची रक्कम पडद्यावर येते. ती शून्य आली किंवा मागितल्यापेक्षा कमी आली की आपण मागे जायचे आणि सहा लिटरचे नऊ लिटर करायचे. म्हैस तीच, गोठा तोच, बोटाच्या एका स्पर्शाने तीन लिटर दूध वाढले. पावसाळ्यात घरी बसणारा ट्रॅक्टरचालक आमच्या टॅबमध्ये बारा महिने ट्रॅक्टर चालवत असे. हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटत नसे, कारण महिनाअखेरीस वाटपाचे लक्ष्य पुरे झाले नाही तर भत्ता जात असे आणि समोरच्या ताईंनाही कर्ज हवेच असे. दोन्ही बाजूंना सोयीचे असलेले खोटे पकडायला तिसरा माणूस लागतो, आणि तो तिथे नसतो.

वर्षभराचे उत्पन्न बारांनी भागले की महिन्याचे उत्पन्न निघते असे टॅबला वाटते. आपल्याकडे एकाही कष्टकरी घरात पैसा तसा येत नाही. कोणाकडे दहा दिवसांनी, कोणाकडे आठवड्याला, कोणाकडे ऊस गेल्यावर. त्या ताईंचे चार हप्ते चार वेगवेगळ्या तारखांना आहेत आणि त्यांतली एकही तारीख दुधाच्या बिलाच्या तारखेवरून ठरलेली नाही. ती केंद्राच्या फेरीवरून ठरते, म्हणजे अधिकाऱ्याच्या दुचाकीचा त्या दिवशीचा मार्ग कोणता यावरून. मधले आठ दिवस भरून काढायला बायका हातउसने घेतात, भिशी उचलतात, नाही तर पाचवे कर्ज घेतात.

आणखी एक. एकीच्या नावावर दुसरीने कर्ज घेण्याचा प्रकार तुमच्या गावातही असणार. तो मसुद्यात आणा, कारण माफी मिळाली तरी ती कागदावरच्या नावाला मिळेल आणि पैसे वापरणारी मोकळी सुटेल. त्यावरून होणारी भांडणे मी सोडवली आहेत. कंपनीशी होणारे भांडण त्यापुढे काहीच नाही.

बैठकीतून उठू न देण्याबद्दल मी सफाई देत नाही. पण त्या पोराची संध्याकाळ कशी जाते तेही ऐका. वसुली कमी पडली की रात्री नऊपर्यंत शाखेत बसायचे आणि कित्येकदा शे-दोनशे रुपये स्वतःच्या खिशातून भरून दिवसाचा हिशेब मिटवायचा. तोही त्या चौघींप्रमाणेच कोणीतरी उठू देण्याची वाट पाहत असतो.

---

उत्तर २: कोल्हापूर शहरातून, सहकार आणि बँकिंगच्या कामात असलेला वकील

कायद्याची बाजू आधी स्पष्ट करतो, म्हणजे ठराव हवेत राहणार नाही.

ग्रामसभेच्या गावबंदीला कायद्याचे बळ नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या कंपनीचा व्यवहार ग्रामसभा थांबवू शकत नाही. ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४’ याचा आधार घ्यावा, असे अनेकांना वाटते. बिनपरवाना सावकाराविरुद्ध तो उपयोगी आहे आणि त्यासाठी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येते. परंतु मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांच्या संदर्भात निकाल देताना स्पष्ट केले की रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. त्यामुळे पहिले काम हे की गावात येणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी तपासा. नोंदणी असेल तर एक रस्ता, नसेल तर दुसरा. दोघांना एकाच ठरावात बांधले, तर नोंदणीकृत कंपनी न्यायालयात जाऊन ठराव रद्द करून आणेल आणि खरा बिनपरवाना सावकार मात्र गालात हसेल.

कर्नाटकाचा दाखला अर्धवट ऐकून दिला जातो, असा माझा अनुभव आहे. फेब्रुवारी २०२५ मधील त्या अध्यादेशाचा (पुढे त्याचाच कायदा झाला) रोख सक्तीच्या वसुलीवर आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंतचा कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंतचा दंड अशी कडक आहे. पण कर्जातून मुक्तता नोंदणी आणि परवाना नसलेल्यांनी दिलेल्या कर्जांपुरती आहे. निपाणीच्या पाहुण्यांच्या घरी नोंदणीकृत कंपनीचे कर्ज असेल, तर ते त्यांना फेडावेच लागणार आहे.

आंध्र प्रदेशाचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे अध्यादेश निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. वसुली फक्त मासिक हप्त्यांनी, तीही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, आणि दुसऱ्या कर्जासाठी शासकीय पूर्वपरवानगी, अशा तरतुदी त्यात होत्या. वाचायला यातील प्रत्येक गोष्ट न्याय्य वाटते. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे जनमत संतप्त होते, आणि देशातील सर्वांत मोठी मायक्रोफायनान्स कंपनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेअर बाजारात उतरल्यामुळे गरिबांच्या हप्त्यांवर कोण श्रीमंत होते आहे हा प्रश्न उघड विचारला जात होता. पण परिणाम असा झाला की वसुली जवळजवळ थांबली, बँकांनी कंपन्यांना पैसा देणे थांबवले, त्या राज्यातील नवा कर्जपुरवठा आटला आणि ज्यांना खरोखर गरज होती त्या बायका पुन्हा सावकाराच्या दारात गेल्या. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने हा कायदा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना लागू होत नाही असा निर्णय दिला. तोवर बारा वर्षे गेली होती.

मग हातात काय आहे? २०२२ चे निर्देश, आणि ते बरेच आहे. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच व्हायला हवी. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आली नाही, तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येते. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर संपर्क करता येत नाही. धमकी, अपशब्द, सततचे फोन, नातेवाईक किंवा शेजारी यांना त्रास देणे, नाव जाहीर करणे हे सर्व निषिद्ध आहे. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच, उरलेल्या संपूर्ण कर्जावर नाही. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. विमा किंवा अन्य काही विकायचे असेल तर कर्जदाराची पूर्ण संमती हवी, आणि कर्ज कार्ड तिला समजणाऱ्या भाषेत हवे. चौघींना अडीच वाजेपर्यंत रोखून धरणे यातल्या कोणत्याही नियमात बसत नाही. पाच जणींनी एकमेकींची हमी घ्यावी ही अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. ती कंपन्यांची पद्धत आहे.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत मराठीतही दाद मागता येते. तिचा निःशुल्क क्रमांक १४४४८ आहे. धमकीचा प्रकार असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली पोलीस ठाण्यात जाता येते. तोंडी तक्रारींचा काही उपयोग होत नाही. शे-दीडशे बायका मोर्चात येतात आणि एकीचाही लेखी अर्ज कुठे नसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मोर्चाला माझा विरोध नाही. मात्र ‘माफी होणार आहे, हप्ते भरू नका’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्याला एवढेच विचारा की या बायकांची पतनोंद, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडल्यावर त्यांच्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला जामीन तो राहणार आहे का.

---

उत्तर ३: हुपरीहून

मी चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडण्याचे काम घरी करते. वरची सगळी उत्तरे वाचली. वकीलसाहेबांचे बरोबर असेल, पण सगळे जण मिळून आमचे कर्जच बंद करून टाकणार नाहीत ना, अशी भीती वाटते. पतसंस्थेने मला दोन जामीनदार मागितले होते, त्यातला एक पगारदार हवा होता. बँकेने सात-बारा मागितला. तो दिराच्या नावावर आहे. कंपनीने आठ दिवसांत तीस हजार दिले. त्यातून मी मशीन घेतले आणि ते आजही चालू आहे.

आणखी एक सांगायचे आहे. साप्ताहिक हप्ता वाईट, मासिक चांगला, असे कृपया ठरवून टाकू नका. माझी मजुरी शनिवारी येते. सोमवारी साडेचारशे रुपये द्यायला मला अडचण नाही. तेच महिन्याचे अठराशे साठवून ठेवायला सांगाल, तर घरात ते टिकणार नाहीत. का टिकणार नाहीत ते बायकांना माहीत आहे.

---

उत्तर ४: कोल्हापूरहून, निवृत्त, अर्थशास्त्र शिकवलेला

हुपरीच्या ताईंचे उत्तर या चर्चेतील सर्वांत मोलाचे आहे असे मला वाटते. हप्ता आठवड्याचा असावा की महिन्याचा, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. पैसा घरात ज्या दिवशी येतो त्याच्या जवळचा दिवस हा हप्त्याचा दिवस असावा. आंध्रच्या कायद्याने सर्वांना महिना लावला, कंपन्या आपल्या सोयीने आठवडा किंवा पंधरवडा लावतात. दोघेही कर्जदाराच्या घरातील कॅलेंडर पाहत नाहीत.

महापुराविषयी शिरोळच्या ताईंनी जे लिहिले, त्याला बांगलादेशात एक जवळचा दाखला आहे. मुहम्मद युनूस यांची ग्रामीण बँक म्हटली की आपल्याकडे पाच जणींचा गट आणि साप्ताहिक हप्ता एवढेच आठवते. १९९८ च्या महापुरानंतर तिथे थकबाकी वाढली. सर्वांना एकच साचा लावणाऱ्या जुन्या पद्धतीची मर्यादा उघडी पडली. त्यानंतर २००१-०२ च्या सुमारास बँकेने आपली पद्धत बदलली: कर्जाची मुदत आणि हप्त्याचा आकार घराप्रमाणे कमी-जास्त करता येऊ लागला, अडचणीत आलेल्या कर्जदारासाठी हप्त्यांची फेरमांडणी करून वेगळ्या वाटेवर नेण्याची सोय झाली, आणि सामूहिक हमीचा आग्रह सोडून दिला गेला. मूळ घराने जी रीत पंचवीस वर्षांपूर्वी टाकली, ती आपल्याकडे ‘ग्रामीणचे मॉडेल’ म्हणून अजून जपली जाते, याचे मला नवल वाटते.

एक इशाराही देतो. कोलकात्यात संशोधकांनी काही कर्जदार स्त्रियांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू करू दिला होता. त्यांनी धंद्यात जास्त गुंतवणूक केली आणि पुढे त्यांचा नफाही वाढला; पण त्यांच्यातील थकबाकीही इतरांपेक्षा जास्त राहिली. म्हणजे सवलत फुकट नसते. ती दिली तर कोणीतरी तिची किंमत मोजणार, आणि ती किंमत व्याजात दिसणार. म्हणून व्याजाकडे येतो.

उदाहरण म्हणून शिरोळच्या ताईंनी दिलेल्या यादीतील २,११५ रुपयांचा मासिक हप्ता घेतो. ४० हजार रुपये, २४ महिने, घटत्या शिलकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच) वार्षिक २४ टक्के असे कर्ज असेल, तर हप्ता बरोबर तेवढाच येतो. एकूण परतफेड ५० हजार ७६० रुपये. आता समजा एक टक्का प्रक्रिया शुल्क, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि ९०० रुपये विमा आधीच कापून घेतला, तर हातात ३८,६२८ रुपये पडतात आणि हप्ता मात्र ४० हजारांचाच भरावा लागतो. असा हिशेब केला की खरा दर पावणेअठ्ठावीस टक्क्यांच्या घरात जातो. कोणीही लबाडी केलेली नाही, प्रत्येक कपात छापील आहे, तरी दर जवळपास चार टक्क्यांनी वाढला. म्हणून कार्डावरचा ‘व्याजदर’ वाचू नका. वस्तुस्थिती-पत्रकात सर्व खर्च धरून दिलेला वार्षिक दर वाचा. त्या पत्रकात नसलेले कोणतेही शुल्क घेता येत नाही.

दरावर मर्यादा हवी का? आंध्रच्या प्रकरणानंतर नेमलेल्या मालेगाम समितीचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला, आणि त्यानंतर २०२२ पर्यंत या कंपन्यांच्या मार्जिनवर, म्हणजे त्यांना पैसा ज्या दराने मिळतो आणि त्या ज्या दराने देतात त्यांतील फरकावर, रिझर्व्ह बँकेची मर्यादा होती. २०२२ मध्ये ती काढली आणि दर कंपनीच्या संचालक मंडळावर सोपवला. दर अवाजवी नसावा एवढेच बंधन उरले. ते अगदीच पोकळ नाही, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने दरांच्या अवाजवीपणावरून चार वित्त कंपन्यांना नवी कर्जे देण्यास मनाई केली होती आणि त्यात मायक्रोफायनान्समधील कंपन्याही होत्या. तरीही मला स्वतःला कठोर मर्यादेपेक्षा गावाच्या फलकावर सर्व कंपन्यांचे खरे वार्षिक दर एकाखाली एक लिहिलेले पाहायला आवडेल.

संख्येबाबतही उद्योगाने स्वतःवर बंधन घातले आहे. एका कर्जदाराला जास्तीत जास्त चार कंपन्या आणि एकूण दोन लाख, असे २०२४ मध्ये ठरले आणि नंतर चारच्या तीन झाल्या. पण पतनोंदीत पतसंस्थेचे कर्ज सहसा दिसत नाही, भिशी आणि हातउसने तर कधीच दिसणार नाही. चौथी कंपनी अडवली की पाचवा सावकार उभा राहतो, एवढेच त्या नियमाचे फलित होऊ नये.

---

प्रश्नकर्तीचे उत्तर: शिरोळ तालुक्यातून

सर्वांचे मनापासून आभार. इचलकरंजीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी त्या ताईंच्या घरी जाऊन बसले. कर्जांची कागदपत्रे मोबाईलवर आलेली होती, पण कोणी उघडलीच नव्हती. मुलाने ती उघडून दिली. एका कंपनीच्या अर्जात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख ८८ हजार लिहिले आहे, म्हणजे महिन्याला २४ हजार. त्याच्या निम्मे १२ हजार, त्यामुळे नऊ हजारांचे हप्ते नियमात आरामात बसतात. दुसऱ्या कंपनीच्या अर्जात तेच घर, तेच वर्ष, दोनच महिन्यांचे अंतर, आणि उत्पन्न १ लाख ९२ हजार. मी आणि त्या ताईंनी मिळून वहीवर खरा आकडा काढला. दूध, मजुरी आणि हंगामातील ट्रॅक्टर धरून वर्षाचे १ लाख ६५ हजारांच्या आसपास येतात. म्हणजे महिन्याला पावणेचौदा हजार, आणि हप्त्याची मर्यादा सात हजारांच्याही आत. चौथे कर्ज त्यांना मिळायलाच नको होते, आणि तिसऱ्याबद्दलही शंका आहे.

अर्जातला चोवीस हजारांचा आकडा ऐकून त्या ताई काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “चोवीस हजार येतात होय आमच्या घरात? मग जातात कुठं?” आम्ही दोघीही हसलो, पण ते हसणे काही खरे नव्हते.

मसुद्यातून गावबंदी आणि सरसकट माफी काढली आहे. मोर्चाच्या बाजूचे काही जण नाराज होतील, त्यांना सामोरे जाईन. आता मसुदा असा आहे. गावात कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणीची प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. जी देणार नाही तिची माहिती उपनिबंधकांना कळवावी. उत्पन्नाचा जो आकडा अर्जात लिहिला, तो कर्जदाराला मराठीत वाचून दाखवून त्याची प्रत कागदावर द्यावी, आणि दूध असेल तर दूध संस्थेच्या मागील वर्षभराच्या बिलांवरून तो आकडा धरावा. ती बिले दूध संस्थेच्या सचिवांकडे असतातच; मी विचारून आले, मागेल तिला उतारा द्यायला ते तयार आहेत. हप्त्याची तारीख कर्जदाराने सांगावी. हुपरीच्या ताईंचा मुद्दा धरून आठवडा, दहा दिवस की महिना हे तिच्यावर सोडले आहे. पंचगंगेचे किंवा कृष्णेचे पाणी गावात शिरून स्थलांतराचा आदेश निघाला, तर त्या दिवसापासून ठरावीक काळ हप्ता थांबावा आणि मुदत तेवढी पुढे जावी, ही मागणी लीड बँकेमार्फत (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेमार्फत) जिल्हास्तरीय बँकर्स समितीपुढे न्यावी. थांबलेल्या काळाचे व्याज कोणी सोसायचे यावर मात्र मी अडले आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत हप्ते थांबले होते तेव्हा व्याज चढतच राहिले, आणि कित्येकींना ते वर्षभराने कळले. म्हणून निदान ते किती चढेल हे त्याच दिवशी लेखी सांगावे, एवढे तरी लिहिणार आहे. अध्यापक सरांनी या एका मुद्द्यावर आणखी काही सुचवले तर बरे होईल.

एकीच्या नावावर दुसरीचे कर्ज, हा मुद्दा ठरावात घातलेला नाही. गावात अशी सात घरे मला माहीत आहेत आणि त्यातले एक माझ्या चुलत जावेचे आहे. ग्रामसभेत ते मोठ्याने वाचणे मला जमणार नाही. त्या सातही जणींना वेगळे बोलावून, खरे पैसे कोणी वापरले त्याची आपसातली चिठ्ठी करून घेता येईल का, हे वकीलसाहेबांनी सांगावे. सोमवारच्या बैठकीला मी स्वतः जाऊन बसणार आहे. लेखी तक्रारीचा अर्ज तयार आहे, त्यावर पाचही जणींच्या सह्या झाल्या आहेत आणि पोच घेण्यासाठी दुसरी प्रत पिशवीत ठेवली आहे.